चळतीचे मनोरे

चळतीचे मनोरे : खोक्यांची चळत रचून त्यांतली काही खोकी मुद्दाम पुढेमागे सरकवावीत, तशी दिसणारी उंच इमारत. याउलट उतरंडीत मोठे मडके तळाला आणि लहान वर असते. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या बांधकाम नियमांनी उंच इमारतींना हीच शिस्त लावली. रस्त्यावर उजेड पोचावा म्हणून वरचे मजले मागे सरकत गेले. शिकागोचा सिअर्स टॉवर (१९७३) याच घराण्यातला. वास्तुकार ब्रूस ग्रॅहम आणि अभियंते फझलुर खान यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून त्या वेगवेगळ्या उंचीवर थांबवल्या. चळतीच्या मनोऱ्याने उतरंडीचा हा क्रम मोडला. वरचे खोके खालच्याच्या बाहेर आले की त्याचा भार जमिनीपर्यंत न्यायचा कुठून, यातच या प्रकाराची खरी गोम आहे.

वास्तुकार मोशे सॅफ्डी यांचे मॉन्ट्रियलमधील ‘हॅबिटॅट ६७’ हा यातला सर्वांत प्रामाणिक दाखला. मॅकगिल विद्यापीठातील प्रबंधात त्यांनी मांडलेली कल्पना एक्स्पो ६७ या जागतिक प्रदर्शनासाठी प्रत्यक्षात आली. काँक्रीटची ३५४ खोकी आधी ओतून तयार केली, क्रेनने उचलून रचली आणि पोलादी तारांनी ताणून एकमेकांत आवळली. खोके इथे खरोखरच वरच्या खोक्याचे ओझे वाहते. त्यांतून १५८ घरे झाली आणि खालच्या घराचे छत वरच्या घराची बाग बनले. इमारत जेमतेम १२ मजल्यांची; तरी पुढच्या मनोऱ्यांचे मूळ इथेच शोधावे लागते.

टोकियोच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरमध्ये (१९७२) किशो कुरोकावा यांनी दोन उभ्या गाभ्यांना १४० कॅप्सूल अडकवल्या, प्रत्येकीला चार बोल्ट. आत पलंग, इवलेसे स्नानगृह आणि एक मोठी गोल खिडकी. सुमारे २५ वर्षांनी जुनी कॅप्सूल उतरवून नवी चढवायची, अशी योजना होती. एकही बदलली गेली नाही. मालक अनेक आणि खर्च मोठा. इमारत गळत, गंजत राहिली आणि २०२२ मध्ये पाडली गेली. काही कॅप्सूल मात्र वाचवण्यात आल्या.

एकविसाव्या शतकात रचना बदलली, चळत दिसण्यापुरती उरली. न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये (२००७) साना या जपानी संस्थेने खोकी सरकवून मधल्या फटींतून दालनांत वरचा उजेड आणला. ही सरकवासरकवी सार्थ आहे. त्याच शहरातील ‘५६ लेनर्ड स्ट्रीट’ ही हेर्झोग आणि द म्युरॉन यांची ५७ मजली इमारत लोकांना जेंगा खेळाची आठवण करून देते. तिथे सुटी खोकी नाहीतच. एकसंध काँक्रीटच्या सांगाड्यातून मजले कमीअधिक बाहेर काढले आहेत.

मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी ‘कांचनजंगा’ (१९८३) या इमारतीत उलटी वाट धरली. खोकी न सरकवता २१ मीटर बाजूच्या चौकोनी, ८४ मीटर उंच ठोकळ्याचे कोपरेच कोरून काढले. शिरीष पटेल हे या इमारतीचे संरचना अभियंते. मुंबईत वारा आणि समुद्राचे दृश्य पश्चिमेकडून मिळते, पण तिरपे ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. म्हणून जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती कोरिया यांनी उभी केली. कोपऱ्यातली दोन मजली उंच बाग ऊन-पाऊस अंगावर घेते आणि खोल्या तिच्या मागे राहतात.