मास्टर दीनानाथ : एक अकाली अस्त

दिवाळीच्या दिवसांत वाचकांपुढे मृत्यूची कथा मांडू नये, असा संकेत आहे. तो आज मोडतो आहे, कारण ज्या समजुतीविषयी लिहायचे आहे ती आपल्या घराघरांत नांदते. अक्कलकोट तालुक्यातली मैंदर्गी कर्नाटकाच्या सीमेला टेकलेली. इथे कानडी आणि मराठी एकाच ओसरीवर बसतात आणि गाण्याचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणते, “कलावंत म्हटला की पिणारच! त्याशिवाय का असा सूर लागतो?” हे बोलणे रसिकतेचे वाटते खरे, पण इतिहासाच्या कसोटीला ते उतरते काय? मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे आयुष्य डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्याचे उत्तर मिळते.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, गोव्यातल्या मंगेशीचा. कोवळ्या वयात ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि १९१८ साली, अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ उभी केली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तली लतिका त्यांची, ‘रणदुंदुभी’तली तेजस्विनी त्यांची, ‘मानापमाना’तला धैर्यधरही त्यांचाच. सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ साली याच मंडळीने रंगभूमीवर आणले. विजेसारखी तान, तिन्ही सप्तकांत फिरणारा गळा आणि रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या कठोर गवयाची तालीम, हे त्या यशाचे भांडवल होते. त्यात प्याल्याचा वाटा शोधू गेल्यास सापडत नाही.

मग काळ फिरला. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि नाटक कंपन्यांचा प्रेक्षक बघता बघता बोलपटाच्या तंबूकडे वळला. बलवंत मंडळीनेही चित्रपटात उडी घेतली. १९३४ च्या सुमारास ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले. पण बोलपटाने तारले नाही, उलट कर्जाचा डोंगर मात्र उभा राहिला. ज्यांच्या पंगतीला शंभर पाने उठत, त्यांच्या दारी सावकार येऊ लागले. या पडत्या काळात दारूने दीनानाथांना पुरते घेरले. दुःखाचा विसर पडावा म्हणून जवळ केलेली वस्तू हळूहळू घराची मालकीण होऊन बसते, हा अनुभव काही एकट्या कलावंताचा नव्हे. प्रकृती ढासळली. सांगलीचा संसार पुण्यास आला आणि तिथेच २४ एप्रिल १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, हा दिवा मालवला.

मागे पाच लेकरे राहिली. थोरली लता साडेबारा वर्षांची, धाकटा हृदयनाथ साडेचार वर्षांचा. त्याच वर्षी मास्टर विनायकांच्या आधाराने लता ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात कामाला उभी राहिली. पुढे तिचा गळा साऱ्या देशाचा झाला म्हणून आपण ही कथा कौतुकाने सांगतो. पण क्षणभर थांबून विचार करावा, की ज्या वयात मुलीने फराळाच्या डब्यावर डल्ला मारायचा, त्या वयात तिने चेहऱ्याला रंग लावला तो घर चालवण्यासाठी. बापाच्या व्यसनाची आणि बुडालेल्या कंपनीची हुंडी वटवली ती या पोरीने.

असेच दुसरे नाव कुंदनलाल सैगल यांचे. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला, बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. प्याल्याशिवाय आपल्याला गाता येत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. ‘शाहजहान’ या चित्रपटाच्या वेळची आठवण संगीतकार नौशाद सांगत. त्यांनी सैगलांकडून एकच गाणे आधी न पिता आणि मग पिऊन गाऊन घेतले. दोन्ही ऐकून सैगलांनीच निवाडा दिला : न पिता गायलेले अधिक सरस! सूर स्वतःचाच होता, हे ध्यानी आले. पण तोवर फार उशीर झाला होता.

उशीर सर्वांनाच होतो असे मात्र नाही. गदगचे भीमसेन जोशी आम्हा सीमेवरच्या लोकांना दुहेरी प्रिय. त्यांची अभंगवाणीही आमची आणि कानडी दासवाणीही आमची. त्यांनाही याच व्यसनाने ग्रासले होते. त्यापायी काही मैफली विसकटल्या, रसिक हळहळले. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दारू सोडली. सूर गेला काय? मुळीच नाही. १९८८ साली दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ सुरू झाले तेव्हा देशाने प्रथम ऐकला तो त्यांचाच आवाज. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले आणि २४ जानेवारी २०११ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. दीनानाथांच्या दुपटीहून अधिक आयुष्य त्यांना लाभले.

तेव्हा वाचकहो, दीनानाथांचे व्यसन झाकू नये, तसेच त्याला मखरातही बसवू नये. दोष देण्याचा अधिकार आपला नाही. त्यांच्या माथ्यावरचे ओझे आपण उचललेले नाही. परंतु ओसरीवर कुणी पुन्हा “कलावंत पिणारच” म्हणाला, तर त्याला एवढेच विचारावे : आणखी चाळीस वर्षे ते गायले असते, तर आपण काय काय ऐकले असते?