आचारी, आचार्य आणि आमची बँक

माणसाने मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊ नये, आणि झालाच तर नोकरीच्या अर्जात तसे लिहू नये. मी दोन्ही केले. त्यामुळे आमच्या नाशिकच्या शाखेत पत्रे आणि याद्या करण्यासाठी कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम आला, तेव्हा साहेब म्हणाले, "तुमचं मराठी थर्टी झालंय ना? मग बघा जरा, यात मराठी नीट चालतं का ते."

मी 'श्री गणेशाय नमः' टाइप केले. खाली स्वतःचे नाव टाइप केले. दोन्ही उमटलेली पाहून धन्य झालो आणि 'तपासले, ठीक आहे' असा शेरा मारून सही ठोकली. बँकेत वीस वर्षे काढल्यावर सही करण्याआधी विचार करण्याची सवय उरत नाही.

पुढे दिंडोरीकडचे एक आजोबा आले. द्राक्षबागेच्या नुकसानीची मदत आली का, हे विचारायला. गावाची यादी मराठीत होती. मी ऐटीत 'शोधा'मध्ये त्यांचे नाव टाइप केले. उत्तर आले, सापडले नाही. "बाबा, यादीत नाव नाही तुमचं." आजोबा परत गेले. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला मात्र ते काउंटरवरून वाकले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, ह्ये काय, माझंच नाव हाय की! मंग तुमचं यंत्र आंधळं हाय का?"

नाव होते. चांगले ठळक होते. एसटीचे तीन खेपांचे भाडे मात्र वाया गेले होते, आणि 'ठीक आहे' खाली सही माझी होती.

आजोबांच्या आडनावात 'ऱ्ह' होता, आणि सगळी मेख तिथेच होती. त्या रात्री शरमेपोटी मी या विषयाच्या मागे लागलो.

मराठी अक्षरे आणि यंत्र यांची सोयरीक जुनी. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, तेही बंगालातल्या श्रीरामपूरला. छापखान्यात जोडाक्षरांसाठी खिळ्यांची केवढी फौज बाळगावी लागे. टाइपरायटर आला आणि त्याने सांगितले, माझ्याकडे कळा पन्नासाच्या आत, काय बसवायचे ते बसवा. मग अर्धे अक्षर आणि काना वेगवेगळे मारून पूर्ण अक्षर करायचे. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर. म्हणजे आधी टोपी ठेवायची आणि मग खाली डोके आणायचे! आमच्या शेजारच्या भगूरचे सावरकर रत्नागिरीला स्थानबद्ध असताना लिपिसुधारणेच्या मागे लागले आणि 'अि, अी, अु, अू' अशी अ ची बाराखडी त्यांनी पुढे मांडली. हेतू हाच, की खिळे कमी व्हावेत. तात्पर्य, प्रत्येक यंत्राने मराठीला हेच ऐकवले, की कुटुंब लहान करा.

कॉम्प्युटरने प्रथमच उलटे सांगितले, की सगळ्यांना घेऊन या. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. ही संस्था १९८८ची. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे मानक, म्हणजे इस्की, १९९१ साली ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला जागा मिळाली. पुढे विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांचा मंगल फॉन्ट टेबलाटेबलावर पोचला. त्याआधीचे बरेच फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी अक्षरे बसवीत. फॉन्ट काढला की मराठी उठून जाई आणि खुर्च्यांवर इंग्रजी बाराखडी गोंधळ घाली.

नवी पद्धत बँकेच्या माणसाला चटकन कळते. आत फक्त मुद्दल साठवायचे, म्हणजे सुटी अक्षरे आणि पाय मोडल्याची खूण. जोडाक्षर हे व्याज. ते पडद्यावर दाखवताना काढायचे. पण 'ऱ्ह'चे मुद्दल दोन प्रकारे ठेवता येते. साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवायचे, किंवा द्राविडी भाषांचे उच्चार लिहिण्यासाठी राखलेला टिंबवाला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. घरचा र उंबऱ्यात लिहायचा तर अशी यातायात! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच असावा. दोन्ही 'ऱ्ह' डोळ्यांना जुळे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते परके. यादी करणाऱ्याने एक वाट धरली, मी दुसरी. मध्ये आजोबा अडकले.

बरे, हा र काढून टाकावा, तर आचाऱ्यास द्यायची शिधासामग्री आचार्यास जाईल आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत दर्या घुसेल.

आमचीही गत वेगळी नाही. 'बँक' लिहिताना चंद्र आणि अनुस्वार वेगळे दिले तर एक बँक, चंद्रबिंदू एकदम दिला तर दुसरी. बाहेर पाटी एकच, आत बँका दोन. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तोवर आमचा 'ॲडव्हान्स' विभाग उसन्या अक्षरावर कर्जे वाटत होता.

आमच्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. नोटेच्या पाठीवर पंधरा भाषांची पट्टी असते, त्यात मराठीही. ती अक्षरे छापण्यापूर्वी किती जणांनी डोळ्यांत तेल घालून तपासली असतील! आणि नोट ज्याच्या हाती द्यायची त्याचे नाव मी दोन ओळींत तपासले.

दुसऱ्या दिवशी मी यादी डोळ्यांनी, बोट फिरवत, पूर्ण वाचली. आणखी चार नावे निघाली, सगळी 'ऱ्ह' आणि 'ऱ्या'वाली. मग तपासणीचा कागद नव्याने केला आणि शेरा बदलला, 'मराठी दिसते, सापडत नाही.'

साहेब म्हणाले, "अहो, एका न दिसणाऱ्या चिन्हासाठी एवढं?"

मी म्हटले, "साहेब, दिसणाऱ्या टिंबासाठी आपण लोकांचे चेक परत करतोच की."

आजोबांचे पैसे त्याच आठवड्यात जमा झाले. तपासणीच्या कागदावर आता पहिल्या ओळीत त्यांचे आडनाव असते. 'श्री गणेशाय नमः' दुसऱ्या ओळीवर गेले. गणपतीची काही हरकत दिसली नाही. लेखनिकाच्या अडचणी त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक?