मोहरी केवढी उगवली? दिवाळीच्या किल्ल्याचं वय काढताना

दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी पायी फिरायचं आणि गल्लीबोळांतले किल्ले बघायचे, हा माझा तीन वर्षांचा नेम आहे. म्हणायला फील्डवर्क, खरं सांगायचं तर मजा. सदाशिव पेठेतल्या एका किल्ल्याच्या खंदकात प्लॅस्टिकची मगर होती. नारायण पेठेत बुरुजावर मावळ्याच्या शेजारी बॅट उगारलेला क्रिकेटवाला उभा होता. पायथ्याच्या गावात शेतकरी, गाय आणि त्यांना हात दाखवून थांबवणारा ट्रॅफिक पोलीस! दिवसभर दप्तरात डोकं घालून बसल्यावर असं काही दिसलं की शीण जातो.

पण याच किल्ल्यांनी मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं.

माझा विषय विसाव्या शतकातल्या पुण्यातली घरं आणि त्यांच्या भोवतीच्या मोकळ्या जागा. पहिल्या वर्षीच्या सेमिनारमध्ये मी किल्ल्यांवर एक परिच्छेद लिहिला होता. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, १८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ हाती घेतली, १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. ‘त्यामुळे घरोघरी किल्ले होऊ लागले,’ असं मी पुढे ठोकून दिलं. गाईडनी तेवढ्या एका शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, “हे ‘त्यामुळे’ कुठून आणलंस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरच्या तिन्ही घटना पक्क्या, पण त्यांच्यापासून अंगणातल्या मातीपर्यंत जाणारा एकही कागद माझ्या हातात नव्हता. शोधनिबंध लिहायला बसणाऱ्यांनी हे आधीच गाठीला बांधून ठेवा: ‘त्या काळात’ आणि ‘त्यामुळे’ यांच्यात पुराव्याएवढं अंतर असतं.

मग मी प्रश्न उलटा केला. ही प्रथा कधी सुरू झाली, हे बाजूला ठेवलं. समोरचा किल्ला स्वतःबद्दल काय सांगतो, ते वाचायला लागले.

पहिली खूण मोहरीची. किल्ल्यावर हिरवळ दिसावी म्हणून मुलं मोहरी किंवा हळीव पेरतात. नुसते मोड दिसत असतील तर किल्ला दोन-तीन दिवसांचा. रोपं बोटभर होऊन एका बाजूला कलली असतील तर आठवडा होत आला. आणि ती ज्या बाजूला कललीत, तिकडून ऊन येतं. म्हणजे नुसत्या फोटोवरूनही किल्ला कुठल्या भिंतीच्या आडोशाला होता याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी खूण विसंगतीची. सिंहगड म्हणून केलेल्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसलेले असतात. राज्याभिषेक १६७४ चा आणि रायगडावरचा, हे मुलांना ठाऊक असतं. पण बाजारात बसलेले महाराज मिळतात, म्हणून तेच बसवले जातात. इथे पाठ्यपुस्तकापेक्षा चित्रं विकणाऱ्याच्या टोपलीचा इतिहास जास्त दिसतो. २०२५ च्या दिवाळीत एका राजगडाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याची पाटी होती: ‘जागतिक वारसा’. युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना तो दर्जा दिला जुलै २०२५ मध्ये. उद्या तारीख नसलेला असा फोटो कुणाला सापडला, तर किल्ला त्याआधीचा असू शकत नाही, एवढं तरी त्या पाटीवरून छातीठोकपणे म्हणता येईल. क्रिकेटवाल्याच्या निळ्या जर्सीलाही हाच न्याय. आपण ज्याला चूक म्हणून हसतो, तीच कधीकधी तारीख असते.

तिसरी खूण जागेची, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी. किल्ल्याला चार हात जमीन लागते, आणि ती अशी लागते की दहा-पंधरा दिवस तिथे कुणी हटकणार नाही. वाड्यात ती चौकात किंवा मागच्या अंगणात असायची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले, आणि माणसं गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहतींत राहायला गेली. पुढे सोसायट्या आल्या, तसा किल्ला जिन्याखाली आणि पार्किंगच्या कोपऱ्यात सरकला. आता गॅलरीत ठेवायला तयार किल्लाही विकत मिळतो. किल्ला महाराजांचा असला, तरी नकाशा आपल्या शेजाराचा असतो.

गेल्या दिवाळीत कर्वेनगरमधल्या एका जुन्या सोसायटीत गेले होते. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार होती. मुलांनी विटा, दगड आणि गोणपाट घालून कमरेएवढा किल्ला केला होता. मी फोटो काढत होते, तेवढ्यात चिखलाने माखलेले हात फ्रॉकला पुसत एका मुलीने विचारलं, “ताई, नवीन बिल्डिंगमध्ये माती असेल का?”

नव्या इमारतीचा नकाशा मी पाहिला होता. खाली दोन मजली पार्किंग होतं. मी तिला काहीच बोलले नाही. त्या रात्री वहीत तिचा प्रश्न जसाच्या तसा उतरवला, कारण माझ्या प्रबंधाचा प्रश्नही तोच होता. मी तो दोन पानं खर्चूनही इतका नेमका मांडू शकले नव्हते.

राजवाडे मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांसाठी गावोगाव हिंडले, दप्तरं धुंडाळली. कागद निदान माळ्यावर पडून राहतो. किल्ला मात्र तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला मोडला जातो, माती झाडाच्या बुंध्याशी जाते, चित्रं बुटांच्या खोक्यात. म्हणून येत्या दिवाळीत फिरायला निघाल तेव्हा वही बरोबर घ्या. तारीख, गल्ली, जागा कुणाची, माती कुठून आणली, चित्रं नवी की मागच्या वर्षीची, एवढं लिहा. फोटोआधी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारा, मुलांची नावं छापू नका. किल्ल्याचं नाव मात्र मुलांच्या तोंडूनच ऐका. तुम्ही “हा सिंहगड ना?” असं विचारलंत, तर ती बिचारी हो म्हणून मोकळी होतात.

आणि मगर दिसली तर मनसोक्त हसा. हसून झालं की तीही वहीत लिहा.