प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि नैसर्गिक झरे : फ्लोरिडातील वाकुलाचा अनुभव

शहरातील सांडपाणी प्रक्रियेनंतर नदी-तलावात न सोडता शेतजमिनीवर फवारणे, हा जलप्रदूषण टाळण्याचा एक सुरक्षित मार्ग मानला जातो. पाण्यातील नत्र पिके शोषून घेतात आणि उरलेले पाणी मातीतून गाळले जाऊन भूजलात मिसळते, असे त्यामागील गृहीतक आहे. ते कितपत खरे ठरेल, हे जमिनीखालच्या खडकावर अवलंबून असते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील वाकुला झऱ्याच्या बाबतीत ते खरे ठरले नाही.

फ्लोरिडाची राजधानी टॅलाहॅसीच्या दक्षिणेस असलेला वाकुला हा जगातील मोठ्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांपैकी एक आहे. दररोज कोट्यवधी लिटर पाणी एका खोल विवरातून वर येते आणि त्याची नदी होऊन वाहू लागते. काचेच्या तळाच्या नावेतून दिसणारा या झऱ्याचा तळ हे एकेकाळी पर्यटकांचे मुख्य आकर्षण होते. १९५४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ या हॉलिवूडपटाची पाण्याखालील दृश्ये येथेच चित्रित झाली, यावरून त्या पाण्याच्या नितळपणाची कल्पना यावी.

टॅलाहॅसी शहराने १९६६ मध्ये प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतावर फवारण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. तो यशस्वी वाटल्याने नोव्हेंबर १९८० मध्ये शहराच्या आग्नेयेस त्याहून मोठे फवारणी क्षेत्र उघडण्यात आले. वर्तुळाकार फिरणाऱ्या सिंचनयंत्रांनी तेथील चाऱ्याच्या पिकांना हे पाणी दिले जाऊ लागले. झऱ्यापासून हे क्षेत्र १५ किलोमीटरहून अधिक दूर असल्याने या दोहोंचा संबंध असेल, असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते.

त्यानंतरच्या काळात झऱ्यातील नायट्रेट-नत्राचे प्रमाण प्रतिलिटर सुमारे ०.२ मिलिग्रॅमवरून सुमारे १ मिलिग्रॅमपर्यंत वाढले. १९९७ मध्ये हायड्रिला ही मूळची आशियातील पाणवनस्पती झऱ्यात आढळली आणि थोड्याच काळात तिने तळ व्यापला. शेवाळही वाढले. पाणी गढूळ होण्यास केवळ नायट्रेट कारणीभूत नाही. आसपासच्या वनांतील पालापाचोळ्याने तपकिरी झालेले ओढेही जमिनीत गडप होऊन झऱ्याला मिळतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

चुनखडकातील भुयारे

या प्रदेशात जमिनीखाली चुनखडक आहे. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी तो हजारो वर्षे विरघळवत राहते. त्यातून भेगा, विवरे आणि अखेरीस पाण्याने भरलेली प्रशस्त भुयारे तयार होतात. वाळूच्या थरात भूजल संथपणे झिरपते, तर भुयारांत ते भूमिगत नदीसारखे वाहते. गाळले जाण्यास तेथे ना वेळ मिळतो, ना माती. वाकुलाचे विवर आणि उत्तरेकडील लिऑन सिंक्स ही भुयारे एकमेकांना जोडलेली असल्याचे २००७ मध्ये पाणबुड्यांनी प्रत्यक्ष पोहत जाऊन सिद्ध केले.

त्याच सुमारास संशोधकांनी फवारणी क्षेत्रातील भूजलात निरुपद्रवी रंगद्रव्य सोडले आणि ते झऱ्यात आढळले. विशेष म्हणजे हा प्रवास वर्षांचा नव्हे, तर आठवड्यांचा ठरला. शहर आणि झरा यांच्या संबंधाविषयीचा वाद त्यानंतर फारसा उरला नाही.

प्रक्रियेनंतरही काय उरते?

सर्वसाधारण प्रक्रियेत सांडपाण्यातील गाळ आणि सेंद्रिय घाण दूर होते व क्लोरीनने जंतू मारले जातात. विरघळलेले नत्र मात्र त्यासाठी वेगळी जैविक प्रक्रिया केल्याखेरीज पुरेसे निघत नाही. फॉस्फेट मातीच्या कणांना चिकटते. पण नायट्रेट आणि चिकणमातीचे कण दोन्ही ऋणभारित असल्याने नायट्रेट मातीत न अडकता पाण्याबरोबर खाली उतरते. काही औषधांचे अंश आणि सुक्रालोज हे कृत्रिम गोडीद्रव्यही प्रक्रियेतून निसटते. शरीरात वा पाण्यात सुक्रालोज सहजी विघटित होत नसल्याने भूजलात सांडपाणी मिसळल्याची खूण म्हणून शास्त्रज्ञ त्याचा उपयोग करतात.

पिण्याच्या पाण्याच्या निकषावर वाकुलाचे पाणी कधीच अयोग्य ठरले नाही. अमेरिकेत त्यासाठी नायट्रेट-नत्राची मर्यादा प्रतिलिटर १० मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकातील ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादाही जवळपास तेवढीच. परंतु माणसाला जे चालते ते झऱ्यातील जीवसृष्टीला चालतेच असे नाही. म्हणून २०१२ मध्ये वाकुला नदीच्या वरच्या भागासाठी ०.३५ मिलिग्रॅम ही कितीतरी कडक मर्यादा निश्चित करण्यात आली.

टॅलाहॅसी शहराने २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून आपले शुद्धीकरण केंद्र सुधारले आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातील एकूण नत्र प्रतिलिटर ३ मिलिग्रॅमच्या मर्यादेत आणले. झऱ्यातील नायट्रेट त्यानंतर लक्षणीय घटले. तथापि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०१० च्या अहवालातच घरोघरीच्या सेप्टिक टँकसह खते व गुरांचे मलमूत्र या इतर स्रोतांचीही नोंद केली होती. एका केंद्रावर नियंत्रण ठेवणे शक्य होते; हजारो घरांच्या अंगणातील टाक्या बदलणे अधिक अवघड आहे, आणि सध्याचा भर त्यावरच आहे.

भारतातही हा प्रश्न वेगळ्या रूपात उपस्थित झाला आहे. बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी भूजल पुनर्भरणासाठी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. ही प्रक्रिया पुरेशी आहे का, हा वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. कोलारचा भूभाग चुनखडकाचा नाही. तेथे ग्रॅनाइट आणि नाइस हे कठीण खडक असून पाणी त्यांच्या भेगांतून पुढे सरकते. ते झऱ्यातून नव्हे, तर शेतकऱ्यांच्या विंधन विहिरींतून वर येते.