घराणं नकलेचं

तैलरंग शिकायला बसलेल्याला डच चित्रकार व्हर्मीरची ‘दूध ओतणारी’ नकलायला द्यावी. 1660च्या आसपासचं हे चित्र आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, उंचीला जेमतेम दीड फूट. स्वयंपाकघरात एक बाई सटातून दूध ओततेय, एवढाच विषय. मागची भिंत पांढरी दिसते म्हणून नवशिका नळीतला पांढरा काढून फासतो आणि तिथेच फसतो. त्या भिंतीत राखाडी आहे, पिवळट आहे, खिडकीजवळ गडद सावली आहे. एक खिळा आहे, त्याचीही सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोकंही आहेत. नुसतं पाहताना हे निसटतं. नक्कल करताना निसटू देता येत नाही. 2022च्या तपासणीत रंगाखाली घाईत ओढलेला ढोबळ काळा थरही दिसला. म्हणजे एवढं शांत चित्र आधी झपाझप मांडून घेतलं होतं.

थरांचा नियम साधा: खाली पातळ, वर तेलकट. उलटं केलं तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडकतो. कारण तैलरंगातलं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. शेंगदाण्याच्या तेलाला हे जमत नाही, जवसाच्या तेलाला जमतं. होय, आपल्या बीडकडे भाकरीबरोबर ज्याची चटणी खातात तेच जवस. मराठवाड्याची करडईही याच कुळातली. तिचं तेल उशिरा वाळतं पण कमी पिवळतं, म्हणून पांढऱ्या रंगात वापरतात. चित्रकलेच्या दुकानात या तेलाची छोटी बाटली काय भावाने मिळते, ते शेतकऱ्याला न सांगितलेलं बरं!

तैलरंग युरोपातच जन्मले, असं मानलं जाई. मग 2008 साली अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बौद्ध लेण्यांतल्या सातव्या शतकातल्या चित्रांत वाळणारं तेल सापडलं. अजिंठ्याची चित्रं मात्र तैलरंगातली नाहीत. तरी आपल्याकडे तैलरंगाचा हात बसला तो बराचसा अजिंठ्याच्याच नकला करून.

सुरुवात मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलने 1844 साली केली. वर्षानुवर्षं लेण्यांत राबून त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे ठेवलेले हे कॅनव्हास बहुतेक जळाले. पुढे 1872पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला यायला लागले. जे. जे. 1857 साली सुरू झालेलं, ब्रिटिशांच्या मुंबईतलं. अजिंठा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात. जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा, पेस्तनजी बोमनजी अशा मुलांनी अंधाऱ्या गुहेत भिंतीसमोर कॅनव्हास लावून नकला केल्या. 1885 साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या या नकलांतल्याही बऱ्याच गेल्या.

नकलेपायी मूळ चित्रांनाही भोगावं लागलं. पुसट रेषा उठून दिसाव्यात म्हणून भिंतीवर व्हर्निश फिरवलं गेलं. काही दशकांत ते काळपट, पिवळं झालं, आणि निजाम सरकारने 1920 साली चित्रांची डागडुजी करायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जाणकार आणवले. शिकवणीची ही फी मला फार वाटते.

पण त्या मुलांचा हात मात्र घडला. पेस्तनजींनी 1882 साली तैलरंगात एक घरगुती चित्र केलं: पारशी बाई पोपटाला खाऊ घालतेय. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांचा हा आवडता विषय. फ्रान्स फान मीरिसने रंगवला, कास्पर नेट्शरनेही. त्यांच्या चित्रांतल्या बाया उंची रेशमात नटून बसलेल्या असतात. पेस्तनजींनी तोच विषय मुंबईच्या पारशी घरात नेला.