शल्यचिकित्सकाचे उत्पन्न (प्रताप नगर, नागपूर)

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला पगार, केसमागे फी किंवा स्वतःच्या रुग्णालयाचा नफा या रूपात मिळणारे पैसे. नैर्ऋत्य नागपुरातील प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या पट्ट्यात लहान नर्सिंग होमपासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सगळे जवळजवळ असल्याने हे तिन्ही प्रकार इथे दिसतात. सारख्याच कसबाच्या दोन सर्जनांच्या मिळकतीत कित्येक पटींचे अंतर असू शकते. रुग्ण कोणी पाठवला, बिल कोण भरणार आणि ऑपरेशन थिएटर कोणाचे, यावर ते अंतर ठरते.

उघड आकडे सरकारी नोकरीचेच मिळतात. २०१८ साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्समध्ये सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १,०१,५०० रुपयांपासून, प्राध्यापकाचे १,६८,९०० रुपयांपासून सुरू होते. खासगी प्रॅक्टिस करायची नाही म्हणून वर २० टक्के व्यवसायरोध भत्ता. महागाई भत्ता, घरभाडे धरता नवा माणूसही महिना दोन लाखांच्या पुढे जातो. 'मेडिकल' आणि 'मेयो' या शासकीय महाविद्यालयांना राज्याची वेतनश्रेणी लागू आहे. सरकारी पगार शाखा पाहत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतही २०२४-२५ साली सर्व शाखांच्या कन्सल्टंटना १,०५,५०४ ते १,३९,८८२ पौंड ही एकच वार्षिक श्रेणी होती.

खासगीत शाखेपासूनच फरक पडतो. तिथवर पोहोचायलाही वेळ लागतो: एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमएसची तीन, एमसीएच केले तर आणखी तीन, आणि शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्याला बंधपत्राची सेवा. ती टाळल्यास पदव्युत्तर पदवीसाठी ५० लाख, अतिविशेष पदवीसाठी २ कोटी रुपये दंड. तिशी उलटल्यावर मोठे रुग्णालय 'मिनिमम गॅरंटी' देते, म्हणजे सुरुवातीला ठरलेली रक्कम आणि पुढे स्वतःच्या केसेसमधला वाटा. दुसरा मार्ग 'व्हिजिटिंग'चा. तीन-चार नर्सिंग होममध्ये कॉल आला की जायचे, आपली फी घ्यायची. थिएटर, खोली, औषधे यांचे पैसे मालकाचे, भूलतज्ज्ञाची फी वेगळी. अपेंडिक्सचा रुग्ण रात्री दोनला येतो, पण त्या जागरणाचे मोल पॅकेजमध्ये क्वचितच धरलेले असते. स्वतःचे नर्सिंग होम असणाऱ्याची उलाढाल मोठी दिसते. तिच्यातून कर्जाचा हप्ता, नर्सेसचे पगार आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा खर्च वजा न करता सांगितलेला आकडा निव्वळ गप्पा समजावा.

अस्थिरोग, मणका आणि सांधेबदल यांत आधी तारीख ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया अधिक, म्हणून मिळकतही चांगली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याचा दर ५४,७२० रुपयांवर आला. त्याआधी तो दीड लाखाच्या वर असे. इम्प्लांटवरचा नफा आटल्यावर बिलात थिएटर आणि फीचे महत्त्व वाढले. सौंदर्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीला विमा नाही, उलट १८ टक्के जीएसटी आहे. तरी पैसे रोख आणि आगाऊ मिळतात.

बाकीच्यांचे गणित पैसे देणाऱ्यावर अवलंबून. नागपूरला विदर्भासह बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडचे रुग्ण येतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दर शासन ठरवते आणि पैसे आधी रुग्णालयाकडे जातात, त्यामुळे सर्जनचा वाटा उशिरा आणि बेताचा. कॅशलेस विम्यात दावे तपासणारा मध्यस्थ (टीपीए) बिलाला कात्री लावतो. ओळखीने आलेला, खिशातून पैसे देणारा रुग्णच पूर्ण फी देतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी 'कट' शिरतो. रुग्ण पाठवणाऱ्याला कमिशन देण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने बंदी आहे. माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ साली महाराष्ट्रासाठी कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला, तो कायदा झाला नाही. कट न देणाऱ्या नव्या सर्जनची पहिली काही वर्षे कोरडी जातात, ही वैद्यकवर्तुळातली जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही.

राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णालयाने दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. भरती होण्याआधी ते पाहावे आणि सर्जनची फी बिलात वेगळी मागावी.