विचारणाऱ्या बायका: उशिरा लिहिलेल्या काही आत्मकथनांचा इतिहास

१९९९ साली दिल्लीतून 'दोहरा अभिशाप' हे हिंदी पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिका कौसल्या बैसंत्री यांचा जन्म १९२६ सालचा, म्हणजे तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्या नागपूरच्या खलाशी लाइन वस्तीत वाढल्या आणि त्यांची मातृभाषा मराठी. हिंदीतले दलित स्त्रीचे पहिले आत्मकथन म्हणून हे पुस्तक आज ओळखले जाते. तुमच्यापैकी जे दिल्लीत शिकतात, करोल बाग किंवा राजेंद्रनगरच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, त्यांनी कुठल्यातरी टिपणात हे नाव एका ओळीत वाचलेही असेल. या पाठात आपण त्या ओळीच्या मागे जाणार आहोत.

पहिला प्रश्न साधा आहे. हे लेखन इतक्या उशिरा का झाले?

मराठीतली सालेच पाहा. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. लक्ष्मण माने यांचा 'उपरा' १९८० चा, तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. बायकांची आत्मकथने थोड्याच वर्षांनी येऊ लागली, पण लिहिणाऱ्यांची वये वेगळी होती. 'जिणं आमुचं' ग्रंथरूपात आले १९८६ साली, तेव्हा बेबी कांबळे सत्तावन्न वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी 'माझ्या जल्माची चित्तरकथा' आले. शांताबाई कांबळे तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ चे, वय त्रेचाळीस. पण त्या संस्कृतच्या प्राध्यापक होत्या, हातात लेखणी धरायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. हा अपवाद लक्षात ठेवा, तो बरेच सांगतो.

उत्तर म्हणून 'संसाराची जबाबदारी' असे लिहून तुम्ही मोकळे होऊ शकता आणि ते चूकही नाही. पण बेबी कांबळे यांच्याकडे नीट पाहिले तर दिसते की लेखन उशिरा झालेच नव्हते. ते उशिरा बाहेर आले.

बेबीताई फलटणला राहत होत्या. लग्न तेराव्या वर्षाच्या सुमारास झाले. पुढे घरच्या लहानशा किराणा दुकानात त्या बसू लागल्या. पुड्या बांधायला रद्दी येई, ती त्या वाचत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वहीत लिहीत. ही वही त्यांनी सुमारे वीस वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवली. नवऱ्याची भीती होती, मुलाला काय वाटेल याचाही संकोच होता. वीस वर्षे! एवढ्या काळात एखादी सबंध पिढी शिकून नोकरीला लागते.

ही वही बाहेर आली ती मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे. बर्नसन मूळच्या अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या, तिथल्याच झाल्या, भारतीय नागरिकत्व घेतले आणि पुढे त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. बेबीताईंचे लेखन त्यांनी वाचले आणि ते छापले जावे असा आग्रह धरला. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले. 'स्त्री' हे किर्लोस्करांचे १९३० पासूनचे मासिक, वाचकवर्ग मुख्यतः शिकलेल्या, वरच्या जातींतल्या घरांतला. महारवाड्यातले बाळंतपण, उपास, सासुरवास या वाचक बायकांनी बहुधा प्रथमच त्या घरातल्या बाईच्या शब्दांत वाचले.

इथे कुणाला वाटेल की बाहेरच्या विद्वान बाईने वस्तीतल्या बाईला 'शोधले'. तशी मांडणी कृपया करू नका. लिहिण्याचे काम वीस वर्षे आधीच चालू होते. कमी होती ती 'दाखवा बघू' म्हणणाऱ्या माणसाची, आणि असे माणूस घरात मिळत नव्हते.

आता पुस्तकच उघडा. नावात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. आत समाजाची हकीकत भरभरून येते. बेबीताईंचा स्वतःचा संसार मात्र फारसा येत नाही, नवरा तर जवळजवळ दिसतच नाही. पुढे माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ साली निघाला. अनुवादाला त्यांनी बेबीताईंची मुलाखत जोडली आहे. त्या मुलाखतीत नवऱ्याचा संशय येतो, मारहाण येते, वही लपवण्याची गोष्टही येते. बाई तीच, आयुष्य तेच. दुसऱ्यांदा विचारणारी भेटली तेव्हा वेगळे उत्तर मिळाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून साधनांविषयी शिकावे. आत्मकथन हे एकटीने दिलेले उत्तर वाटते, पण त्याच्या अलीकडे कुणाचा तरी प्रश्न असतो. तो कोणी, कधी विचारला यावर काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते हे बऱ्याच प्रमाणात ठरते. मूळ मराठी पुस्तक तेवढेच वाचणाऱ्याला ही मुलाखत सहज मिळत नाही. म्हणून जमेल त्याने दोन्ही वाचावीत.

विचारणे हेच काम म्हणून हाती घेतले ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी. उर्मिलाताईंचा जन्म १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणून घर चालवी. उर्मिलाताईंची सरकारी नोकरी, मुले, घर आणि त्यातच मराठीत एम. ए. 'एवढे शिकून काय करायचे, घराकडे बघ' हा सूर त्यांनाही नवऱ्याकडून ऐकावा लागला. 'सहावं बोट' हा त्यांचा कथासंग्रह १९८८ चा. मीनाक्षीताई 'आम्ही मैत्रिणी' नावाचे नियतकालिक चालवत. त्यांचे पती वसंत मून महाराष्ट्र शासनासाठी डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित करत होते. एकाच घरात दोन प्रकारची साधने जमा होत होती, एक छापील आणि एक बायकांच्या तोंडची. पहिल्याची दखल ताबडतोब घेतली गेली, दुसऱ्याची बरीच उशिरा.

या दोघींचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा तो शोध आहे. सभांना गेलेल्या, परिषदा भरवलेल्या, मुलींसाठी शाळा काढलेल्या बायका तोवर साठी-सत्तरीला पोचल्या होत्या. काहींच्या बाबतीत फक्त आठवणी सांगणारे नातेवाईक उरले होते. कागदपत्रांत त्यांची नावे तुटपुंजी, म्हणून घरोघर जाऊन विचारावे लागले. नावातला 'ही' वाचायला विसरू नका. त्या एका अक्षरात लेखिकांचा सगळा वाद आहे.

मला हे पुस्तक आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटते. दुसऱ्या बायकांना विचारत हिंडलेल्या उर्मिलाताईंनी पुढे स्वतःचे 'आयदान' लिहिले, २००३ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्यात नवऱ्याशी असलेले नाते, मुलाचा मृत्यू, शरीर, चळवळीतल्या पुरुषांचे वागणे हे सगळे 'मी' म्हणून येते. बेबीताईंच्या 'आमुचं'पासून इथपर्यंतचे अंतर सतरा वर्षांचे आहे. इतके उघड लिहिल्याबद्दल आपल्याच समाजातून त्यांच्यावर टीका झाली. पुस्तक टिकले. त्याचा इंग्रजी अनुवादही माया पंडित यांनीच केला.

'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये नागपूरच्या जाईबाई चौधरी आहेत. त्यांच्यापाशी आपण पुन्हा दिल्लीच्या पुस्तकाकडे वळतो. जाईबाई १८९२ च्या. नागपूर-कामठी रस्त्यावर त्या ओझी वाहत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेचे काम दिले. अस्पृश्य बाई मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी ओरड केली आणि काम गेले. जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात स्वतःच चोखामेळा कन्या शाळा काढली, आणि वस्तीतल्या घरांत जाऊन मुलींना शाळेत पाठवा म्हणून त्या आयांना सांगू लागल्या.

त्या आयांत भागीरथीबाई होत्या, कौसल्या बैसंत्री यांच्या आई. त्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला होत्या. मुली शिकवते म्हणून वस्तीतून टोमणे आले, तरी त्या मागे हटल्या नाहीत. कौसल्या पुढे भिडे कन्या शाळेत गेल्या. तिथे बहुतेक मुली ब्राह्मण घरांतल्या, आणि आपली जात कळेल या धास्तीने ही मुलगी अंग चोरून बसे. 'दोहरा अभिशाप'मधली ही पाने वाचताना कळते की पुढचा न्यूनगंड कुठून आला. लग्न मनाजोगत्या, शिकलेल्या, चळवळीतल्या माणसाशी झाले. तो घरात मात्र बायकोला मोलकरणीसारखे वागवी. चाळीसेक वर्षांच्या संसारानंतर त्या वेगळ्या झाल्या आणि पोटगीसाठी कोर्टात गेल्या. दिल्लीत त्यांनी स्त्रियांच्या संघटनेचे कामही केले.

पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्या म्हणतात की मुलगा, भाऊ, नवरा, सगळे आपल्यावर रागावतील, पण आपल्यालाही आपले म्हणणे मांडण्याचे स्वातंत्र्य हवे. भाषेबद्दलही त्या बोलतात. मातृभाषा मराठी असून हिंदीत लिहिले, कारण हिंदीत दलित स्त्रियांची आत्मकथने नव्हती. मराठीत बेबीताई होत्या, शांताबाई होत्या. हिंदीत ही वाट अजून कुणी पाडलेली नव्हती. पुढे सुशीला टाकभौरे यांचे 'शिकंजे का दर्द' २०११ साली आले. त्या मध्य प्रदेशातल्या, हिंदी लेखिका, आणि राहायला नागपुरात.

पुढच्या तासाला येताना यांपैकी कोणतेही एक पुस्तक घेऊन या आणि फक्त प्रास्ताविक व ऋणनिर्देशाची पाने वाचून या. त्यांत कोणकोणत्या बायकांची नावे आहेत ते वहीत उतरवा, आणि प्रत्येक नावापुढे तिने काय केले ते लिहा: वाचले, मागितले, छापले, भाषांतर केले, की नुसते विचारले.